फरशीला 'डेक' म्हणणारी माणसं : अमेरिकन मरीन्सची बोली, टोपणनावं आणि परंपरा

किनारपट्टी

नमस्कार मंडळी,

"रात्री हेडला जायला उठलो, लॅडरवेलवर पाय सटकला, खांदा बल्कहेडवर आपटला आणि सरळ डेकवर."

अकरा वर्षांपूर्वी एका नव्या पेशंटने मला हे सांगितलं आणि मी फॉर्मवर लिहून टाकलं, 'जहाजावर पडले'. गृहस्थ सत्तरीचे. दुमजली लाकडी घरात राहायचे, आणि त्या घराच्या एकाही खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. ते घरातल्याच जिन्यावरून पडले होते. हेड म्हणजे संडास, लॅडरवेल म्हणजे जिना, बल्कहेड म्हणजे भिंत आणि डेक म्हणजे फरशी. नोकरी सोडून त्यांना तीस वर्षं झाली होती, तरी घर अजून जहाजच होतं.

मी नॉर्थ कॅरोलिनातल्या जॅक्सनव्हिलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. गावाला लागूनच कॅम्प लजून हा मरीन्सचा मोठा तळ आहे. (ज्यांच्या नावाने तो आहे त्या जनरल लजून यांचे घरचे लोक 'लजर्न' म्हणायचे. गावात दोन्ही उच्चार ऐकू येतात आणि त्यावरून वादही होतात.) माझे निम्म्याहून जास्त पेशंट आजी-माजी मरीन. 'माजी' म्हटलेलं त्यांना चालत नाही, कारण एकदा मरीन तो कायमचा मरीन. अकरा वर्षं त्यांचे गुडघे, पाठी आणि खांदे हाताळता हाताळता त्यांची भाषा कानात बसली. मराठीत यावर कुणी सविस्तर लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून हा धागा.

मरीन म्हणजे जहाजातून जाऊन जमिनीवर लढणारा शिपाई. त्यामुळे त्यांची बोली आरमाराची आणि काम पायदळाचं. टोपीला ते 'कव्हर' म्हणतात, खाटेला 'रॅक', पळायच्या बुटांना 'गो-फास्टर', पेनाला 'इंक स्टिक' आणि टॉर्चला 'मूनबीम'. गणवेशातून लोंबणाऱ्या दोऱ्याला 'आयरिश पेनंट' म्हणतात. असा एक दोरा दिसला तरी बोलणी बसतात.

मला सगळ्यात आवडतो तो 'स्कटलबट'. जुन्या जहाजांवर पिण्याच्या पाण्याचं एक पिंप असे, त्याला भोक पाडून पाणी घेण्याची सोय केलेली. खलाशी तिथे जमायचे आणि पाण्यासोबत बातम्याही प्यायचे. आज पाणी पिण्याच्या नळालाही स्कटलबट म्हणतात आणि अफवेलाही. आपल्याकडे पाणवठ्यावर जे व्हायचं तेच हे. माझ्या आजीला हा शब्द एका वाक्यात कळला असता.

माणसांच्या वर्गवारीचे शब्द वेगळे. नवखा तो 'बूट'. प्रत्यक्ष लढणारा पायदळवाला 'ग्रंट'. बाकीचे सगळे, म्हणजे कारकून, आचारी, गाड्या दुरुस्त करणारे, ते 'पोग'. ग्रंट पोगला चिडवतो, पण प्रत्येक मरीन आधी रायफलधारी आणि मग बाकी काही, ही शिकवण दोघांनाही सारखीच मिळालेली असते. वर्षानुवर्षं लान्स कॉर्पोरलच राहिलेला तो 'टर्मिनल लान्स'. गनरी सार्जंट हा 'गनी'. शिपायापासून सुरुवात करून अधिकारी झालेला 'मस्टँग', आणि त्याच्याबद्दल बोलताना आवाजात आपोआप आदर येतो.

आणि 'डॉक'. मरीन्सकडे स्वतःचे वैद्यकीय कर्मचारी नसतात. नौदलाचे कॉर्प्समन त्यांच्या तुकडीत राहतात, त्यांच्यासोबत गोळीबारात धावतात. तो कॉर्प्समन म्हणजे डॉक. १९६८ साली व्हिएतनाममध्ये ह्वे शहराच्या लढाईत असलेले एक आजोबा माझ्याकडे सात महिने येत होते. पहिले सहा महिने मी 'मॅम' होते. सातव्या महिन्यात दारातून आत येताना म्हणाले, "मॉर्निंग, डॉक." मी काही न बोलता त्यांचा पाय टेबलावर घेतला. घरी येऊन नवऱ्याला सांगताना मात्र आवाज कापत होता.

टोपणनावांबद्दल थोडं लिहिते, मग तुम्ही भर घाला. 'लेदरनेक' हे १७९८ ते १८७२ या काळात गळ्याभोवती घालाव्या लागणाऱ्या कडक चामडी पट्ट्यावरून आलं. 'जारहेड' हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खलाशांनी चिडवायला काढलेलं नाव. 'डेव्हिल डॉग' म्हणजे सैतानी कुत्रे. जून १९१८ मध्ये फ्रान्समधल्या बेलो वूडच्या लढाईत जर्मनांनीच हे नाव दिलं असं सांगतात. ही सगळी नावं दुसऱ्यांनी दिलेली आणि यांनी छातीवर मिरवलेली.

तुम्हाला आणखी काय माहीत आहे? आपल्याकडच्या सैन्यात, नौदलात असं काय आहे? वाचायला आवडेल.

---

नाळेवरचा

ताई, फार सुंदर धागा. आम्ही वसईकडचे कोळी. 'हेड'चा उलगडा माझ्याकडून घ्या. जहाजाच्या पुढच्या टोकाला हेड म्हणतात. जुन्या शिडाच्या जहाजांवर खलाशांची शौचाची जागा तिथेच असे, लाटांनी आपोआप धुऊन निघायची. वारा मागून येत असल्यामुळे वासही पुढेच जायचा. आमच्या होडीत पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. माझे आजोबा घरातसुद्धा पुढच्या पडवीला नाळ म्हणायचे. "नाळेवर जाऊन बस" म्हणजे ओट्यावर जाऊन बस. तुमच्या पेशंटबद्दल वाचलं आणि आजोबाच आठवले.

'तांडेल' हाही असाच शब्द. आमच्या होडीचा प्रमुख तो तांडेल. इंग्रजांच्या जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी भरती व्हायचे, त्यांच्यात सारंग आणि त्याच्या हाताखाली तांडेल ही रीतसर पदं होती. इंग्रजीत त्याचं 'टिंडल' झालं.

---

कागदोपत्री

धागा आवडला. दोन-तीन ठिकाणी दुरुस्ती सुचवतो, राग नसावा.

'डेव्हिल डॉग' हे नाव जर्मनांनी बेलो वूडच्या लढाईत दिलं हे खरं वाटत नाही. लढाई सुरू झाली जून १९१८ मध्ये, आणि अमेरिकन वर्तमानपत्रांत हे नाव एप्रिल १९१८ मध्येच छापून आलेलं आहे. शिवाय मरीन्सच्या भरतीच्या पोस्टरवर जे 'टॉयफेल हुंडेन' लिहिलेलं होतं ते जर्मन व्याकरणात बसत नाही. जर्मन माणूस 'टॉयफेल्सहुंडे' म्हणेल.

दुसरी दंतकथा 'ब्लड स्ट्राइप'ची. कॉर्पोरलपासून वरच्या हुद्द्यांच्या निळ्या पँटवर लाल पट्टी असते. १८४७ साली मेक्सिकोत चपुल्टेपेकच्या लढाईत जे अधिकारी आणि हवालदार पडले, त्यांच्या रक्ताची ती आठवण, असं प्रत्येक नव्या मरीनला शिकवतात. पण पँटवरच्या पट्ट्या त्या लढाईच्या आधीपासून होत्या, आणि ती पद्धत पायदळाकडून आलेली.

अधिकाऱ्यांच्या टोपीच्या माथ्यावर दोरीची चार पाकळ्यांची नक्षी असते. डोलकाठीवर चढलेल्या नेमबाजांना वरून आपला अधिकारी ओळखू यावा म्हणून ती, असं म्हणतात. नक्षी गणवेशात आली १८५९ साली. ही गोष्टसुद्धा सांगोवांगीचीच.

---

किनारपट्टी

@नाळेवरचा, "नाळेवर जाऊन बस" हे वाक्य मी उद्याच माझ्या पेशंटांना समजावून सांगणार.

@कागदोपत्री, राग कसला, उलट आभार. एप्रिलचं छापील प्रमाण मला माहीत नव्हतं. पण एक सांगते. बेलो वूड हे रान फ्रान्सने लढाईनंतर अधिकृतपणे मरीन ब्रिगेडच्या नावे केलं, हे तर कागदावर आहे. जवळच्या बेलो गावात कुत्र्याच्या तोंडातून पाणी पडणारं एक कारंजं आहे, तिथे जाऊन मरीन ते पाणी पितात. माझ्या एका पेशंटकडे त्या पाण्याची छोटी बाटली होती. नाव जर्मनांनी दिलं की अमेरिकन बातमीदाराने, हे त्याला सांगून मी काय साधणार? ज्यांनी त्या रानात गव्हाच्या शेतातून मशीनगनवर चालून जाताना जीव दिला ते खरे होते. नावाची गोष्ट हे त्यांना आठवण्याचं निमित्त.

---

कागदोपत्री

मान्य. फक्त गोष्ट आणि नोंद वेगळी ठेवावी, एवढंच म्हणणं. 'गंग हो'चं उदाहरण घ्या. इथे गोष्ट आणि नोंद दोन्ही जुळतात. एव्हान्स कार्लसन नावाच्या मरीन अधिकाऱ्याने चीनमध्ये राहून तिथल्या औद्योगिक सहकारी संस्था पाहिल्या. त्या संस्थांच्या चिनी नावाचं लघुरूप 'गंग हो'. त्यातल्या दोन अक्षरांचा अर्थ त्याने 'एकत्र काम' असा लावला आणि १९४२ मध्ये आपल्या रेडर बटालियनला ते ब्रीद दिलं. तो दर आठवड्याला सगळ्यांची बैठक घ्यायचा, त्यात शिपायालाही बोलायची मुभा होती. आज इंग्रजीत हा शब्द 'अतिउत्साही' अशा अर्थाने वापरतात. सहकाराच्या कल्पनेतून आलेला शब्द होता, हे महाराष्ट्रातल्या माणसाने तरी लक्षात ठेवावं.

---

जुना खलाशी

पंधरा वर्षं भारतीय नौदलात होतो. 'जमिनीवर जहाज' ही गोष्ट आपल्याकडेही शंभर टक्के आहे. नौदलाचे किनाऱ्यावरचे तळसुद्धा 'आयएनएस' या नावाने जहाज म्हणूनच दाखल केलेले असतात. माझं तांत्रिक प्रशिक्षण आयएनएस शिवाजीवर झालं, आणि ती आहे लोणावळ्याला, सह्याद्रीच्या माथ्यावर! पावसात समोरची इमारत दिसायची नाही असं धुकं, आणि आम्ही फरशीला डेक म्हणत ती घासतोय. फाटकातून बाहेर पडून चिक्की आणायला बाजारात जायचं तरी आम्ही 'अशोअर' चाललो म्हणायचो. गॅली, हेड्स, मेस डेक हे सगळे शब्द आजही माझ्या तोंडात आहेत. बायको स्वयंपाकघराला गॅली म्हणू देत नाही, एवढाच फरक.

मरीन्ससारखं वेगळं दल आपल्याकडे नाही. सागरी कमांडो मात्र आहेत, मार्कोस. १९८७ मध्ये उभे राहिले. नौदलात दाढी ठेवायला परवानगी असते, आणि काश्मीरमध्ये वुलर तलावावर ते तैनात झाले तेव्हा त्यांना 'दाढीवाली फौज' हे नाव पडलं. दुसरं नाव 'मगरमच्छ'. मी मार्कोस नव्हतो, माझ्या बॅचचा एकजण गेला होता. तिथे काय शिकवलं ते त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

---

बेळगावकर

दुसऱ्यांनी दिलेलं नाव मिरवण्याबद्दल. आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घरात तीन पिढ्या पलटणीत गेल्या. इंग्रज अधिकारी मराठा शिपायाला सरसकट 'गणपत' म्हणायचे. प्रत्येक घरात एक गणपत असायचाच, म्हणून असेल. ऐकताना हे नाव हिणवल्यासारखं वाटतं, पण पणजोबा अभिमानाने सांगायचे, "आम्ही गणपत." बटालियनची नावंही अशीच. पहिली ती 'जंगी पलटण', दुसरी 'काळी पाचवीन'. हे 'काळी पाचवीन' आमच्याकडे घरातल्या बायकाही म्हणायच्या, "अमक्याचा नातू काळ्या पाचवीनमध्ये आहे." त्यावर जास्त काही सांगावं लागायचं नाही.

रेजिमेंटचा दिवस ४ फेब्रुवारी. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो दिवस.

---

टेमरकाठ

मी प्लिमथला असते. इथे ब्रिटिश रॉयल मरीन्स दिसतात, आणि हे अमेरिकनांच्या आधीचे, १६६४ सालचे. अमेरिकनांना जसं लेदरनेक तसं यांना 'बूटनेक', कारण तोच गळ्याचा चामडी पट्टा. आपापसांत एकमेकांना 'रॉयल' म्हणतात. 'वेट' म्हणजे चहा. 'डिट' म्हणजे किस्सा. उकाड्याला 'रेडर्स', थंडीला 'आयसर्स', आणि वैतागलेला माणूस 'थ्रेडर्स'. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ४५ कमांडोचे जवान पाठीवर ८० पौंडांची ओझी घेऊन तीन दिवसांत ५६ मैल चिखलातून चालत गेले. त्या चालण्याला त्यांचा शब्द 'यॉम्प', आणि त्या युद्धापासून तो शब्द सगळ्या इंग्लंडचा झाला.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. माझ्या शेजारचा निवृत्त रॉयल मरीन एकदा कुंपणावरून म्हणाला, "आज माझी धोबी आहे." मला वाटलं याच्याकडे धोबी येतो! धोबी म्हणजे यांच्यात कपडे धुणं, धोबी डस्ट म्हणजे धुण्याची पावडर. परवानगीच्या कागदाला 'चिट' म्हणतात, ती आपली चिठ्ठी. त्याला मी हे शब्द कुठून आले ते सांगितलं तर तो खुर्ची ओढून बसला आणि एकेक शब्द विचारत राहिला. संध्याकाळ झाली तरी आम्ही कुंपणाशीच होतो.

---

देवळालीकर

टेमरकाठ, मग 'डूलॅली' राहिला की! इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द म्हणजे आमचं नाशिकजवळचं देवळाली. मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी पाठवण्यासाठी इथल्या छावणीत आणून ठेवत. जहाजं हिवाळ्याच्या मोसमातच सुटायची. चुकीच्या वेळी आलेला शिपाई महिनोन् महिने बसून. काम नाही, ऊन, ताप, दारू. त्यात काहींची डोकी फिरायची. पूर्ण शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप', म्हणजे देवळालीचा ताप. 'टॅप' हा आपलाच ताप.

मी लहानपणापासून या छावणीच्या रस्त्यांवर सायकल चालवली आहे. आता तिथे तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. घरी जायची वाट बघत वेडी झालेली ती विशीतली पोरं आठवली की त्या शब्दाचं मला हसू येत नाही.

---

चंदनवाडी

मुंबईकरांसाठी अवांतर. आपण रोज 'मरीन लाइन्स, मरीन लाइन्स' करतो ते नावसुद्धा याच धाग्यातलं. तिथे मरीन बटालियनच्या वसाहतीच्या ओळी होत्या, मरीन बटालियन लाइन्स. मुंबईत १७७७ साली उभी केलेली ही हिंदुस्थानी शिपायांची बटालियन, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर, म्हणजे बॉम्बे मरीनवर, जाऊन लढायची. १९०३ मध्ये तिचं '१२१ पायोनियर्स' झालं आणि मरीन हे नाव रेल्वे स्टेशनाच्या पाटीवर तेवढं राहिलं. मी त्या स्टेशनवर तेवीस वर्षं उतरलो. समुद्र जवळ म्हणून मरीन, असंच मला वाटत होतं.

---

रानवारा

सगळं छान चाललंय, पण परंपरेची काळी बाजूही लिहा. 'ब्लड पिनिंग' म्हणजे नव्या बिल्ल्याच्या टोकदार पिना मुठीने ठोकून छातीत घुसवायच्या. १९९७ मध्ये याची चित्रफीत टीव्हीवर दाखवली गेली आणि देशभर संताप झाला. आणि रिबन क्रीक? ८ एप्रिल १९५६ च्या रात्री पॅरिस आयलंड या मरीन्सच्या प्रशिक्षण तळावरच्या प्रशिक्षकाने शिक्षा म्हणून अख्खी प्लाटून भरती-ओहोटीच्या खाडीत नेली आणि सहा मुलं बुडाली. चिडवणं, शिव्या, 'बूट' म्हणून हिणवणं यातूनच माणूस तिथपर्यंत जातो.

---

किनारपट्टी

रानवारा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, पहिल्याच लेखात मी लिहायला हवं होतं. पिना ठोकण्यावर बंदी आहे. रिबन क्रीकनंतर प्रशिक्षणाचे नियम बदलले. तरी माझ्या टेबलावर असे खांदे आलेत ज्यांची दुखापत युद्धातली नव्हती, आणि कशी झाली ते सांगताना माणूस भिंतीकडे बघत होता. ती परंपरा नव्हे. जिने माणूस आपला होतो ती परंपरा, आणि जिने तो मोडतो तिला मी ते नाव देणार नाही.

याच गावातली आणखी एक गोष्ट. १९४२ ते १९४९ या काळात काळ्या मरीन्सना गोऱ्यांसोबत प्रशिक्षण मिळत नव्हतं. त्यांच्यासाठी इथेच माँटफोर्ड पॉइंटला वेगळी छावणी होती. वीस हजारांच्या आसपास मुलं तिथून बाहेर पडली. त्यांच्यात गिल्बर्ट जॉन्सन नावाचे प्रशिक्षक होते. मरीन्समध्ये येण्याआधी पायदळात आणि नौदलात नोकरी झालेली, त्यामुळे बाहीवर सेवेच्या वर्षांच्या पट्ट्या. त्या पट्टीला 'हॅशमार्क' म्हणतात, म्हणून ते 'हॅशमार्क जॉन्सन'. १९७४ मध्ये त्या छावणीलाच त्यांचं नाव दिलं, कॅम्प जॉन्सन. मी रोज त्या पाटीवरून कामाला जाते. ज्यांना दलाने वेगळं बसवलं त्यांनी आपल्या माणसाला स्वतःच्या हाताने नाव दिलं, आणि आज ते रस्त्यावर लिहिलेलं आहे.

आणि बायकांचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या प्रत्येक दलाने महिला विभागाला एक गोंडस संक्षिप्त नाव दिलं. मरीन्सचे तेव्हाचे प्रमुख जनरल होलकोम्ब यांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, या मरीन आहेत, यांना टोपणनाव नाही आणि त्याची गरजही नाही. एवढ्या टोपणनावांच्या दलात हा मोठाच मान. (खाली बरॅकीत त्यांना काय काय म्हटलं गेलं ते इथे लिहिणार नाही.)

---

अबोली

हा धागा चार दिवस वाचतेय, आज लिहायचं धाडस करते. माझा मुलगा मरीन आहे. आम्ही न्यू जर्सीत. तो इथेच जन्मला, एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतः जाऊन सही केली. मी आणि याचे बाबा दोन महिने त्याच्याशी धड बोललो नाही.

मग तो पॅरिस आयलंडला गेला. रात्री उशिरा बस पोचते, उतरल्या उतरल्या रस्त्यावर रंगवलेल्या पिवळ्या पावलांवर उभं राहायचं. तिथून घरी एक फोन. फोनजवळ मजकूर लावलेला असतो, तो जसाच्या तसा ओरडून वाचायचा. मी पोचलो आहे, खायचे पदार्थ आणि मोठी पार्सलं पाठवू नका, काही दिवसांत पत्र येईल. मी "अरे, जेवलास का?" म्हणेपर्यंत फोन बंद. ओट्यावर बेसनाच्या लाडवांचा डबा भरून ठेवलेला होता, पाठवायला म्हणून.

तेरा आठवडे. तेवढा काळ मुलांना 'मी' म्हणायची बंदी. 'हा रिक्रूट परवानगी मागतो', असं बोलायचं. शेवटी 'क्रुसिबल', ५४ तास, थोडं अन्न, थोडी झोप, ओझं घेऊन चालणं. त्याच्या शेवटी इवो जिमाच्या लढाईच्या पुतळ्याजवळ प्रशिक्षक हातात एक बिल्ला ठेवतो, गरुड, पृथ्वीचा गोल आणि नांगर, आणि त्या क्षणी पहिल्यांदा त्याला 'मरीन' म्हणतो. तोवर तो मरीन नसतोच. मुलगा म्हणाला, "आई, मी तेव्हा रडलो, पण सगळेच रडत होते." रात्री दिवे मालवताना सगळे एका सुरात ओरडतात, "गुड नाइट, चेस्टी पुलर, जिथे कुठे असाल तिथे!" 'नेव्ही क्रॉस' हे शौर्यपदक पाच वेळा मिळवलेले जनरल चेस्टी पुलर. मरीन्सचा मानाचा बुलडॉग कुत्रा असतो, १९५७ पासून त्यालाही चेस्टीच म्हणतात. मला ते रात्रीचं ऐकून शुभंकरोतीची आठवण झाली, मुलांनी एका आवाजात म्हणायची.

तो दहा दिवसांच्या सुट्टीवर घरी आला. स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "आई, डेक ओला आहे, जपून." याच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला डेक माहीत नव्हता, पण तो काय म्हणाला ते कळलं. मी फडकं टाकलं.

आज हा धागा वाचून लॅडरवेल, स्कटलबट सगळं वहीत उतरवून घेतलंय. पुढच्या वेळी तो बोलेल तेव्हा मला विचारावं लागणार नाही.

---

जुना खलाशी

अबोलीताई, आयएनएस शिवाजीवरून पहिल्या सुट्टीला घरी गेलो तेव्हा माझी आईही अशीच बघत राहिली होती. तिला विचारायचं सुचलं नाही, मला सांगायचं सुचलं नाही. वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत.

---

किनारपट्टी

अबोली, तुमचा प्रतिसाद मी दवाखान्यात दुपारच्या सुट्टीत वाचला आणि पुढच्या पेशंटला पाच मिनिटं थांबवलं. एक भर घालते. गुरुवारी रात्री तुमचा मुलगा फोन उचलणार नाही. त्या रात्री 'फील्ड डे' असतो, म्हणजे अख्ख्या बरॅकीची साफसफाई, आपल्या दिवाळीआधीसारखी, पण दर आठवड्याला. आणि तो 'नाइन्टी-सिक्स मिळालाय' म्हणाला तर लाडू करायला घ्या. ती ९६ तासांची, म्हणजे चार दिवसांची सुट्टी.

आता दहा नोव्हेंबरचं सांगते, कारण तो त्यांचा सगळ्यात मोठा सण. १० नोव्हेंबर १७७५ ला मरीन्सच्या दोन बटालियन उभारायचा ठराव झाला. फिलाडेल्फियातल्या टन टॅव्हर्न या खानावळीत पहिली भरती झाली असं मानतात. जगात जिथे दोन मरीन असतील तिथे त्या दिवशी केक कापला जातो, जमलं तर तलवारीने. आधी जनरल लजून यांनी १९२१ साली काढलेला आदेश वाचतात. पहिला तुकडा पाहुण्याला. दुसरा तिथल्या सगळ्यात वयस्कर मरीनला, आणि तो आपल्या हाताने तो तुकडा सगळ्यात लहान मरीनला देतो.

आमच्या दवाखान्यातही दर वर्षी छोटा केक आणतो. या वेळी सगळ्यात वयस्कर होते चौऱ्याण्णव वर्षांचे एक आजोबा. ते १९५० च्या हिवाळ्यात कोरियात चोझिन जलाशयाजवळ होते, 'फ्रोझन चोझिन'. त्या लढाईची एक गोष्ट मरीन्समध्ये सगळे सांगतात. उखळी तोफांच्या गोळ्यांना बिनतारीवर 'टूट्सी रोल' हा सांकेतिक शब्द होता. गोळे संपले, मागणी गेली, ऐकणाऱ्याला संकेत माहीत नव्हता, आणि विमानातून खरोखरच टूट्सी रोल या चॉकलेटच्या गोळ्यांच्या पेट्या पडल्या. थंडीत बाकीचं अन्न दगडासारखं गोठलं होतं. या गोळ्या तोंडात धरून विरघळवता येत होत्या. चावून मऊ केलेल्या गोळ्यांनी फुटलेल्या नळ्या बुजवल्या, त्या पुन्हा गोठून घट्ट बसल्या. (कागदोपत्री, तुम्ही याची नोंद शोधालच. सापडलं ते इथे नक्की लिहा.)

सगळ्यात लहान होता गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर येणारा एक वीस वर्षांचा मुलगा. कुबड्यांवर उभा. आजोबा चाकाच्या खुर्चीत. तलवार नव्हती, प्लास्टिकची सुरी होती. आजोबांचे हात थरथरत होते, म्हणून मी बशीला खालून हात लावायला गेले, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मुलाने कुबड्या भिंतीला टेकवल्या, एका पायावर वाकला आणि दोन्ही हातांनी बशी घेतली. आजोबा म्हणाले, "सेम्पर फाय, डेव्हिल डॉग." ('सदैव निष्ठावान', हे मरीन्सचं ब्रीद.) तो म्हणाला, "सेम्पर फाय, सर." आजोबा लगेच, "सर म्हणू नकोस, मी कॉर्पोरल होतो."

जाताना त्यांनी शर्टच्या खिशातून एक टूट्सी रोल काढून माझ्या टेबलावर ठेवला. तो अजून तिथेच आहे. बाकीचा केक गॅलीत आहे, संध्याकाळपर्यंत संपेल.